सात फुटांची भिंत आणि दोन फुटांचा वाद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. साताऱ्यात २०२० च्या हद्दवाढीने नगरपालिकेत आलेल्या भागात तुमचा चार गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट आहे. साधारण साठ बाय बहात्तर फूट, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तुम्ही राहता पुण्यात. मोकळ्या प्लॉटवर लोक राडारोडा टाकतात, गाड्या लावतात, म्हणून चारी बाजूंनी सात फुटी पक्की भिंत घालायची आहे. डावीकडचे शेजारी म्हणतात, तुमची मेंदीची रांग आमच्या जागेत दोन फूट आहे. आणि कंत्राटदार म्हणतो, परवानगी कोण विचारतंय, दोन दिवसांत सिमेंटची तयार पॅनेल उभी करून देतो. तुम्ही विचारताय : परवानगी लागते का, सात फूट चालेल का, आणि वाद मिटवायला भिंत निम्मी त्यांच्यात निम्मी आपल्यात घातली तर बरं का.

मी परवानाधारक अभियंता आहे. सव्वीस वर्षं सातारा-कोरेगाव-वाई भागात घरांचे नकाशे मंजूर करून घेणं आणि बांधकामावर उभं राहणं हेच काम. वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहितोय ते कामाच्या गरजेपुरतं. प्रकरण कोर्टात जायची लक्षणं दिसली तर वकिलाला गाठा.

तुम्ही उंचीबद्दल सर्वांत जास्त विचारलंय, पण तुमची खरी अडचण उंची नाही. तुमची भिंत कोणत्या रेषेवर उभी राहणार हेच अजून ठरलेलं नाही. लोक रेषा, बांधकाम आणि हक्क हे तीन प्रश्न एकात एक मिसळतात आणि मग चुकीच्या कचेरीत चुकीचा अर्ज घेऊन जातात. रेषा कुठे आहे, हे भूमी अभिलेख खातं सांगतं. त्या रेषेवर काय आणि किती उंच बांधता येईल, हे नगरपालिका सांगते. आणि शेजाऱ्याचा त्या जागेवर वाटेचा, पाण्याचा किंवा ताब्याचा काही हक्क आहे का, हे शेवटी दिवाणी न्यायालय सांगतं. एकाचा कागद दुसऱ्याच्या दारात चालत नाही. नगरपालिकेचा मंजूर नकाशा दाखवून "बघा, हद्द इथेच आहे" म्हणणारे मी डझनभर पाहिलेत. पण नगरपालिका तुम्ही दिलेल्या कागदांवर नकाशा तपासते, ती तुमच्या बांधावर टेप लावून हद्द ठरवत नाही.

म्हणून आधी मोजणी. अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे, ई-मोजणीतून ऑनलाइन होतो. "हद्द कायम" मोजणी, म्हणजे दप्तरातली हद्द जागेवर दाखवून देणारी, मागायची, नियमित किंवा द्रुतगती, जशी घाई आणि जसा खिसा. लगतच्या सगळ्या धारकांची नावं-पत्ते बिनचूक भरा. इथेच अर्धी भांडणं पेरली जातात. शेजाऱ्याला मोजणीची नोटीस पोचलीच नाही, तर तो उद्या म्हणणार, "माझ्या माघारी मोजली." मग ती मोजणी कितीही बरोबर असली तरी त्याच्या लेखी ती तुमचीच मोजणी.

त्याआधी मात्र एक गोष्ट तपासा, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळं याच्यावर अडणार आहे : तुमच्या लेआउटची कजाप झाली आहे का? कमी-जास्त पत्रक. जुन्या एन.ए. लेआउटमध्ये अनेकदा असं झालंय की रेखांकन मंजूर झालं, प्लॉट विकले गेले, सातबाऱ्यावर नावं लागली, पण मूळ मालकाने कजापची मोजणी करून प्लॉटवार नकाशा भूमी अभिलेखात नोंदवलाच नाही. अशा वेळी खात्याच्या दप्तरात तुमच्या एकट्या प्लॉटची हद्द नसतेच, अख्ख्या गटाची असते. भूकरमापक येतो, गटाची हद्द दाखवतो आणि आतल्या प्लॉटबद्दल हात वर करतो. त्याचं काही चुकत नाही. नोंदच नाही, तर तो कायम काय करणार? त्या वेळी मूळ मंजूर रेखांकन घेऊन आधी कजापच्या मागे लागावं लागतं, आणि त्यात बाकीच्या प्लॉटधारकांनाही सोबत घ्यावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण ते टाळून घातलेली भिंत कधी ना कधी अडचणीत आणते.

शेजाऱ्यांचे "दोन फूट" हा आकडाही मला ओळखीचा वाटला. आपल्याकडची जुनी मोजणी शंकू साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. गुंठ्याचा हिशेब तिथूनच आला. आणि एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. जुन्या टिपणावर, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीवर, एक आणा इकडचा तिकडे वाचला की जागेवर दोन फुटांचा फरक पडतो. शेजारी खोटं बोलत असतील असं आधीच धरू नका. त्यांनी कुणाकडून तरी जुन्या नकाशावरून मापं काढून घेतली असतील, आणि तुमच्याकडे विक्रेत्याने टेपने दाखवलेली मापं असतील. दोघंही प्रामाणिक आणि दोघंही चुकलेले, हे मी वारंवार पाहिलंय. बहात्तर फुटांच्या बाजूला दोन फूट म्हणजे १४४ चौरस फूट होतात. त्या भागातल्या दराने गुणा, मग शेजारी का भांडतात ते समजेल.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्लॉटचा नकाशा उपग्रह-चित्रावर ठेवून "बघा, माझी जागा इथवर येते" म्हणू नका. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज असते. तुमचा वाद दोन फुटांचा आहे.

मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. पुण्याहून यायला जमत नाही म्हणून मेहुण्याला पाठवू नका. भूकरमापक मशीनने मोजून खुणा दाखवतो, हजर असलेल्यांचे जबाब घेतो. शेजाऱ्यांनी सही केली नाही तरी मोजणी थांबत नाही, तशी नोंद होते. त्या खुणांवर त्याच दिवशी लोखंडी गज ठोकून सिमेंटमध्ये बसवा आणि फोटो काढा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते आणि लाकडी खुंट्या तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चुलीत. काही दिवसांनी मोजणी नकाशाची "क प्रत" मिळेल. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द कुठे आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठे, दोन्ही दिसतं. तुमची मेंदी हद्दीच्या आत आहे की बाहेर, याचं उत्तर त्या कागदावर आहे. शेजाऱ्यांना ते मान्य नसेल तर त्यांनी निमताना मोजणी, म्हणजे हरकत घेऊन फेरमोजणी, मागावी. तो त्यांचा मार्ग आहे आणि त्याचा राग धरायचं कारण नाही.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मी मोजणीवर इतका का अडतो ते कळणार नाही. धंद्यात चौथं-पाचवं वर्ष असेल. एका ग्राहकाच्या प्लॉटला उजवीकडे शेजाऱ्याची पंधरा वर्षं जुनी दगडी भिंत होती. मी ती हद्द धरली. भिंत आहे, कुणी तक्रार केली नाही, मग मोजणीवर पैसे कशाला? त्या भिंतीपासून मापं घेऊन डावीकडची नवी भिंत आखली. तीन वर्षांनी डावीकडच्या माणसाने मोजणी मागवली. उजवीकडचा शेजारी माझ्या ग्राहकाच्या जागेत पाऊण फूट आत भिंत घालून बसला होता. माझ्या भिंतीने डावीकडे पाऊण फूट खाल्ला होता. चाळीस फूट भिंत पाडून परत बांधली, निम्मा खर्च माझा. तेव्हापासून उभी असलेली भिंत म्हणजे हद्द, असं मी कधीच धरत नाही.

आता परवानगी. साताऱ्यासारख्या नगरपालिकेत युडीसीपीआर लागू आहे, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ३ डिसेंबर २०२० पासून. मुंबई महापालिकेची वेगळी नियमावली आहे, एम.आय.डी.सी.ची वेगळी, आणि महाबळेश्वरसारख्या गिरिस्थान नगरपालिका व पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं यातून बाहेर आहेत. म्हणून "माझ्या मावसभावाने पाचगणीला बांधली" हा दाखला साताऱ्याला चालत नाही, आणि उलटही नाही.

नगररचना कायद्यात, म्हणजे १९६६ च्या, विकासाची व्याख्या रुंद आहे. परवानगीशिवाय विकास करू नये असं कलम ४३ म्हणतं, अर्ज कलम ४४ खाली होतो, आणि विनापरवाना केलं तर कलम ५३ खाली काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. घर बांधताना आवारभिंत घराच्या नकाशातच दाखवतात, तिथे वेगळा प्रश्न उरत नाही. तुमच्यासारखी फक्त भिंत असेल तर माझा शिरस्ता असा : पाया खणून पक्की भिंत घालायची असेल तर छोटा नकाशा, मालकीचा कागद, क प्रत आणि मंजूर रेखांकन जोडून नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज द्यायचा. नुसते खांब रोवून काटेरी तार किंवा जाळी मारायची असेल तर मी आधी बांधकाम विभागात तोंडी विचारतो आणि तिथे जे सांगतील ते अर्जावर लेखी मागतो. प्रत्येक नगरपालिकेची याबाबतची सवय थोडी वेगळी असते, हे मान्य करायला हवं. पण कंत्राटदाराचं "कोण विचारतंय" हे अर्धंच खरं आहे. नगरपालिका आपण होऊन येत नाही. शेजारी अर्ज करतो तेव्हा येते. आणि तुमच्याकडे अर्ज करायला कारण असलेला शेजारी आधीच तयार बसलाय.

आता उंची. नियम असा : पुढच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून आवारभिंत जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे पाच फुटांना इंचभर कमी. २.४ मीटरपर्यंत, म्हणजे पावणेआठ फुटांच्या जरा वर जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर भाग उघडा हवा, म्हणजे जाळी किंवा ग्रिल, आरपार दिसणारं. यापेक्षा वेगळं हवं असेल तर प्राधिकरणाची खास परवानगी. म्हणजे तुमची सात फुटी भिंत पूर्ण भरीव असेल तर नियमात बसत नाही. पण खाली चार फूट भरीव आणि वर तीन फूट ग्रिल असं केलं तर सात फूट मिळतात आणि नियमही पाळला जातो. सात फूट सलग भिंतींचा हट्ट मला तसाही कळत नाही. भिंतीआड काय चाललंय हे रस्त्यावरून दिसत नसेल, तर चोराला तुमच्यापेक्षा तीच भिंत जास्त उपयोगी पडते. शेजारची माणसं जाता-येता आत बघू शकतात, हीच रिकाम्या प्लॉटची राखण.

उंची "रस्त्याच्या मध्यापासून" मोजायची, हे शब्द लोक वाचत नाहीत. तुमचा प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट खाली असेल तर आतून भिंत सात फूट दिसेल आणि नियमात पाचच भरेल. उलट प्लॉट तीन फूट उंचावर असेल तर आतून ती दोनच फुटांची वाटेल. तिथे वरची ग्रिल लागतेच. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेला उभं राहून मोजलं तर तीन-चार इंच जास्त भरतात, घाबरू नका. आणि एक गंमत : रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो. आमच्या भागात एक भिंत आहे, मी स्वतः घातलेली, सतरा वर्षांपूर्वी बरोबर १.५ मीटर होती. आज रस्त्यावरून मोजली तर सव्वा मीटरही भरत नाही. म्हणून नवी भिंत घालताना पाया आणि खांब असे ठेवा की पुढेमागे वर एक-दोन थर चढवता येतील.

कोपऱ्याच्या प्लॉटला याहून कडक नियम आहे, आणि तुमच्या आराखड्यावर सर्वांत मोठा परिणाम त्याचाच होणार. दोन रस्ते जिथे मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. उरलेली ०.७५ मीटर हवी असेल तर ती रेलिंगची, आरपार दिसणारी. दहा मीटर म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. तुमच्या साठ फुटी बाजूतले तेहतीस आणि बहात्तर फुटी बाजूतलेही तेहतीस फूट असे गेले. कंत्राटदाराने सगळीकडे एकाच उंचीची पॅनेल मोजून भाव दिला असेल तर तो कागद आजच फाडा. हा नियम कुणाच्या डोक्यातून आलेला चाळा नाही. मोटारसायकलवाल्याची नजर आणि वळणावर सायकल घेऊन येणारं पोर, दोघं एकमेकांना भिंतीवरून दिसले पाहिजेत. लेआउटमध्ये कोपरा गोल किंवा तिरपा कापलेला दाखवला असेल तर त्याच रेषेने भिंत घ्या. "जागा माझीच आहे" म्हणून तो कोपरा काटकोनात भरून काढणारे पुष्कळ आहेत. ती जागा बहुतेक वेळा तुमची नसतेच, रस्त्याची असते.

फाटकाचं थोडक्यात सांगतो. ते पूर्णपणे आतल्या बाजूला उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. जागा कमी असेल तर सरकतं फाटक बसवा. फाटकासमोरचा गाडीचा उतार गटारावर सिमेंट ओतून करू नका. पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या दारात पाणी तुंबलं की तक्रार नगरपालिकेत जाते आणि मग भिंतीची फाइलही उघडते.

रस्तारुंदी मात्र विसरू नका. विकास योजनेत तुमच्या एखाद्या रस्त्याची रुंदी वाढवलेली असेल तर भिंत आजच्या रस्त्याच्या कडेला नाही, तर उद्याच्या रुंद रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. नगरपालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. हद्दवाढीतल्या भागात नकाशे बदलायचं काम चालू असतं, म्हणून जुन्या झोन दाखल्यावर विसंबू नका, ताजा काढा. प्लॉट महामार्गाला लागून असता तर महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेषा वेगळ्या मध्ये आल्या असत्या. नदी-ओढ्याजवळ असता तर निळी आणि लाल पूररेषा. तुमच्या वर्णनात दोन्ही दिसत नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता निम्मी-निम्मी भिंत. ऐकायला ही फार समंजस वाटते, पण मी सहसा करू देत नाही. सामाईक भिंत म्हणजे सामाईक डोकेदुखी. उद्या त्यांनी त्यावर पत्र्याचा शेड टेकवला, तुम्ही वर ग्रिल चढवली, एकाला रंग हवा, दुसऱ्याला नको. पुढची पिढी आली की कोणाचा खर्च किती हे कुणालाच आठवत नाही. दोन्ही घरांचं जमत असेल आणि जागा खरंच कमी असेल, तरच सामाईक भिंत घाला, आणि तीही मुद्रांकावर लेख करून : भिंत कोणत्या रेषेवर, खर्च कसा, दुरुस्ती कोण करणार, वर काय चढवता येणार नाही. जागेची देवाणघेवाण होणार असेल तर नुसता लेख पुरत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. तुमचा वाद आज चालू आहे, त्यामुळे तुम्ही भिंत पूर्णपणे स्वतःच्या जागेत घ्या.

"स्वतःच्या जागेत" म्हणजे काय, हे गवंड्याला नीट सांगा. तो नऊ इंची भिंतीचा बाहेरचा चेहरा बरोबर हद्दीच्या दोरीवर घेतो आणि स्वतःवर खूश होतो. पण त्या भिंतीचा पाया साधारण दोन फूट रुंद. भिंत मध्यभागी ठेवली तर पाया दोन्ही बाजूंना सात-साडेसात इंच बाहेर येतो, म्हणजे जमिनीखाली तुम्ही शेजाऱ्यात सात इंच. त्यांनी उद्या त्यांच्या भिंतीसाठी खणलं की तुमचं काँक्रीट दिसणार. यावर उपाय दोन : भिंत तेवढी आत सरकवा, किंवा पाया एकाच बाजूला, आतल्या अंगाला वाढवा. दुसऱ्या उपायात भिंत एकीकडे झुकायचा धोका असतो, म्हणून काँक्रीटचे खांब आणि तळाशी बीम घ्यावे लागतात. थोडा खर्च वाढतो, पण जागा वाया जात नाही.

तुमची मेंदी खरंच त्यांच्या बाजूला निघाली तर? तर ती काढा, त्यांच्यासमोर, आणि विषय तिथेच संपवा. उलट त्यांचं काही तुमच्या हद्दीत निघालं, तर मात्र स्वतः जाऊन पाडू नका. रात्रीत पाडलेल्या भिंतीचे खटले मी पाहिलेत. क प्रत हातात असलेला माणूसच मग आरोपी होऊन बसतो. ताब्यातून बेकायदा काढलं असं म्हणून समोरचा विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्न बाजूला राहतो. आधी लेखी पत्र, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी न्यायालय. आणि फार वर्षं गप्पही बसू नका. दुसऱ्याचा ताबा उघड आणि तुमच्या हक्काला आव्हान देणारा असेल, तर जागा परत मिळवायच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत असते. पुण्यात राहून दर दिवाळीला एकदा प्लॉट बघणाऱ्यांना हे खास सांगतो.

शेजाऱ्यांची तुमच्या प्लॉटमधून जुनी वाट आहे का, त्यांच्या परसातलं पावसाचं पाणी तुमच्याकडून उतरतं का, तेही पाहा. वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय, हक्काने वापरलेल्या वाटेला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आधार मिळू शकतो. आणि वरच्या जमिनीचं नैसर्गिक पाणी खालच्या जमिनीत येतं, ते भिंत घालून अडवता येत नाही. सरळ उपाय हा की भिंतीच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवायची, आणि पाणी जास्त असेल तर आतून चर काढून ते रस्त्याच्या गटारात न्यायचं. हे केलं नाही तर शेजाऱ्यांचं नुकसान होतंच, पण पहिली भिंत तुमचीच जाते. आमच्याकडे काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत न खणता घातलेली भिंत तिसऱ्या पावसाळ्यात पोट काढते. दर आठ-दहा फुटांवर खांब घ्या, पक्क्या तळापर्यंत.

प्लॉट रस्त्यापेक्षा किंवा शेजाऱ्यापेक्षा तीन-चार फुटांनी वर-खाली असेल, तर ती आवारभिंत राहत नाही, मातीचा रेटा पेलणारी धारक भिंत होते. तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची आवारभिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण गेले. त्यानंतर तीन दिवसांत मुंबईत मालाडला भिंत पडून तिसाहून जास्त माणसं गेली. दोन्हीकडे पाऊस मुसळधार होता. मागे भरलेली माती भिजली आणि पाण्याला वाट नसली की साध्या विटांची भिंत तो रेटा घेऊच शकत नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही, ग्राहकाचंही नाही.

हद्दीवर झाड असेल तर भिंतीसाठी ते तोडायच्या आधी नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या, १९७५ चा कायदा तुमच्या भागाला लागू आहे. बहुतेक वेळा झाड वाचवून भिंत थोडी आत वळवणं स्वस्त पडतं.

आणि तुमच्या कंत्राटदाराचं. त्याची पॅनेल वाईट नाहीत, उलट तुमच्यासारख्या प्रकरणात मला ती आवडतात. पाया छोटा, काम दोन-तीन दिवसांचं, आणि उद्या मोजणीत इंच-दोन इंच इकडे-तिकडे झालं तर उचलून सरकवता येतात. घाई मात्र चुकीची आहे. तो भाव देताना एक फुटी पॅनेलचे सात थर धरून देतो. तुम्ही पाच थर सांगा, तेही रस्त्याच्या मध्याचा हिशेब करून, कारण पाच फूट म्हणजे १.५२ मीटर होतात आणि दोन सेंटिमीटरसाठी कुणाशी हुज्जत घालायला नको. कोपऱ्यापासून तेहतीस फूट दोन्हीकडे दोन थर आणि वर रेलिंग. बाकीकडे पॅनेलवर ०.९ मीटर जाळी. कोपऱ्यातला गोल भाग पॅनेलने जमत नाही, तिथे विटांचं काम घ्यावं लागेल; ते त्याच्या भावात नाही, विचारा.

यंदाच्या पावसाळ्याआधी भिंत झालीच पाहिजे असा अट्टहास नसेल, तर तोवर राडारोडा थांबवायला, बांधकाम विभागात विचारून, दोन्ही रस्त्यांकडून, हद्दीच्या पुष्कळ आत, लाकडी किंवा अँगलचे खांब रोवून काटेरी तारेचे तीन पदर मारा आणि मालकाचा फलक लावा. शेजाऱ्यांच्या बाजूला मोजणी होईपर्यंत काहीही रोवू नका. मात्र मोजणीच्या अर्जाची तारीख त्यांना स्वतः घरी जाऊन सांगा. टपालातून नोटीस येण्याआधी तुम्ही दारात गेलात तर निम्मा वाद तिथेच थंड होतो; हे मी कायद्याने नाही, सव्वीस वर्षांच्या चहांवरून सांगतोय.

कजाप झाली आहे की नाही ते आधी पाहा. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर प्लॉटचा स्वतंत्र क्रमांक आणि क्षेत्र आलंय का, आणि भूमी अभिलेखात प्लॉटवार नकाशा निघतो का, एवढं तपासून मला कळवा. सोबत प्लॉट रस्त्यापासून किती वर-खाली आहे तेही लिहा. त्यावरून मी खांबांचा आणि थरांचा हिशेब नेमका सांगू शकेन.